संदेशच्या नावाचा पंप

डॉक्टर अनघांनी संदेशच्या पाठीवरची नळी उचलून गळ्यात अडकवली, आणि ज्या शब्दांसाठी माता देवापुढे पदर पसरते ते शब्द त्या अगदी सहज बोलून गेल्या.

"याची छाती स्वच्छ आहे. दम्याचा पंप आता बंद करू या."

लोणावळ्याच्या त्या लहानशा दवाखान्यात मुलाच्या आजीने, शालूबाईंनी, जागच्या जागी हात जोडून डोळे मिटले. मुलाची आई सविता शेजारीच बसली होती. तिच्याही मुखावर समाधान उमटायला हवे होते; परंतु तिने मांडीवरच्या पिशवीचे बंद मुठीत आवळले आणि ती म्हणाली, "रात्री वाजते हो अजून त्याची छाती. आठवड्यातून दोन-तीनदा तरी."

"तुला जाणवतं का रे?" डॉक्टरांनी संदेशला विचारले.

तेरा वर्षांचा संदेश सदऱ्याची बटणे लावत होता. "मम्मी म्हणते झोपेत वाजते. मला नाही कळत."

डॉक्टरांनी त्याला फुंकायची नळी दिली. त्याने फुंकर मारताच तिच्यावरचा काटा सरसर चढत टोकापाशी जाऊन थांबला.

"ही फुंक आजाऱ्याची नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मुलग्यांचं पुष्कळदा असंच होतं. लहानपणी दमा मुलींपेक्षा मुलग्यांना जास्त, आणि वयात येता येता बऱ्याच जणांचा ओसरतो. सगळ्यांचा नाही, पण याचा ओसरलाय. मुलींचं उलटं. लहानपणी कित्येकींना काही नसतं, आणि बाराव्या-तेराव्या वर्षी सुरू होतो."

"पोरींचं समदंच उशिरा असतंय, डॉक्टरीणबाई," शालूबाई प्रसन्न होऊन म्हणाल्या. "आमच्या पिंकीला धा हाका मारल्याबिगर ती अंथरूण सोडत न्हाई."

"घरात आणखी कोणाला होता का? आजोबा, काका?"

"आमच्या सात पिढ्यांत न्हाई."

"आणि तुमच्या माहेरी?" डॉक्टर सविताकडे वळल्या. "तुम्हाला स्वतःला? आईला असेल तर मुलांना होण्याचा संभव अधिक असतो, म्हणून मुद्दाम विचारते."

"नाही," सविता म्हणाली.

हा 'नाही' उच्चारण्यासाठी तिला विचार करावा लागला नाही. विवाहाच्या बोलण्यांपासून तो तिच्या जिभेवर होता.

सत्य असे होते की संदेशचा दमा ओसरून दोन वर्षे होत आली होती, आणि त्याच्या नावाने घरात येणारा पंप त्याची आई ओढत होती.

सविताचे माहेर वडगावच्या पलीकडचे. बाराव्या वर्षी तिचा श्वास प्रथम अडला. आयुर्वेदाने ज्याला तमकश्वास असे गंभीर नाव दिले, तो विकार तिच्या आईच्या लेखी केवळ एक लपवण्याची वस्तू होता. कारण मावळात सोयरीक ठरताना मुलाकडची माणसे नुसती मुलगी पाहून जात नाहीत. गिरणीवर, पाणवठ्यावर, न्हाव्याच्या ओट्यावर ती हळूच विचारतात, घराण्यात कोड, फेफरे, दमा असे काही नाही ना? मुलाचा दमा हा हवेचा दोष मानला जातो. मुलीचा दमा हा रक्ताचा. म्हणून आई तिला गावातल्या वैद्याकडे न नेता दूरच्या बाजाराच्या गावी नेत असे, आणि कोणी भेटलेच तर बांगड्या भरायला आलो असे सांगत असे. सासरी पाठवताना तिने लेकीला एकच उपदेश केला होता. "धाप लागली तर पाण्याला जा, गोठ्यात जा, कुठंही जा. माणसांत बसून धापा टाकू नकोस. आणि कोणाला सांगू नकोस."

भाजे गावात सासर लाभले. नवरा कैलास लोणावळा-खंडाळ्याच्या प्रवाशांसाठी टॅक्सी चालवणारा, मनाने सरळ. पहिली वर्षे श्वासाने तिला सांभाळून घेतले. धाकट्या पिंकीच्या जन्मानंतर मात्र तो पुन्हा अडू लागला. त्याच सुमारास लहानग्या संदेशला दमा जडला आणि घरात उजळ माथ्याने पंप आला. एके दिवशी असह्य झाले तेव्हा सविता तो पंप घेऊन गोठ्यामागे गेली. आजच्यापुरते, असे ती मनाशी म्हणाली होती.

पुढे मुलगा बरा झाला. ते तिने कोणास सांगितले नाही. संदेशला तिने सांगितले, "झोपेत तुझा श्वास वाजतो, तुला कळत नाही." आईच्या शब्दावर मुलाने आपले शरीर आजारी मानले. शाळेच्या कबड्डीत तो खेळला नाही. बाहेर बसून खेळणाऱ्यांचे सदरे सांभाळू लागला. पोरांनी त्याचे नाव 'पंप' ठेवले. ते नाव अंगणातून ऐकू आले की सविता हातातले काम अधिक वेगाने करी.

आता पंप बंद झाला होता. शालूबाईंनी नारळ फोडला, आळीत पेढे वाटले. सविताजवळ उरला होता तो एकच, अर्ध्याहून अधिक संपलेला, डाळीच्या डब्यामागे ठेवलेला.

कार्तिकात भाताची कापणी उरकली. खळ्यावर भारे येऊन पडले आणि हवेत तुसाची बारीक धूळ तरंगू लागली. पिंकीला नुकतेच बारावे लागले होते. ती खोकू लागली.

"भावाची नक्कल करतीया," शालूबाई म्हणाल्या. "त्याला खोकला आला की हळद-दूध मिळायचं. आता त्याचं बंद झालं, तर हिनं सुरू केलं."

"नाही गं आज्जी, खरंच येतोय."

"व्हय व्हय. आन् भारे उचलायच्या वक्तालाच बरा येतोय."

सविता चुलीपाशी बसून ऐकत होती. खोकल्याच्या पाठोपाठ, श्वास सोडताना, एक बारीक शीळ वाजत होती. इतर कोणास ती कळली नसती. सविताने ती माहेरची वाट ओळखावी तशी ओळखली, आणि तिचे हात पिठातच थांबले.

दुसऱ्या दिवशी तिने पिंकीला गोठ्यामागे नेले आणि पंप तिच्या तोंडाशी धरला.

"हा दादाचा ना?"

"हो. आत ओढ. थांबवून धर."

थोड्या वेळाने मुलीची छाती मोकळी झाली. तिने आश्चर्याने आईकडे पाहिले. "मला पण दादासारखं झालंय?"

"काही झालेलं नाही. कोणाला सांगू नकोस."

"आज्जीला?"

"आज्जीला तर नाहीच."

"आणि परत धाप लागली तर?"

"तर बाजूला जायचं. माणसांत थांबायचं नाही. मला हाक मारायची."

हे शब्द उच्चारून झाल्यावर सविताला वाटले की आपल्या पाठीशी आपली आई उभी आहे. तिने वळून पाहिले नाही. पिंकीला तिने खळ्यावरून दूर ठेवण्याचा प्रयत्न केला, पण सुगीत बारा वर्षांच्या मुलीला कोणत्या कारणाने घरात बसवावे? कारण सांगायचे म्हणजे नाव सांगायचे.

पंप हलका होत चालला. सविता रोज तो कानाशी हलवून पाही. तिने स्वतःचे ओढणे थांबवले. जे आहे ते मुलीला पुरावे. परिणामी हंडा उचलून उंबरठ्यापर्यंत येताना तिला दोनदा टेकावे लागू लागले.

"म्हातारी झालीस की काय गं?" कैलासने थट्टा केली.

"संदेशसाठी एक पंप आणून ठेवता का? थंडी पडलीय."

"डॉक्टर नको म्हणाल्या ना? पोरगा बरा झाला तरी तुझ्या जिवाचा घोर सरत नाही. सवयच झालीय तुला."

ती स्वतः आणू शकली असती, असे दूर राहणाऱ्यास वाटेल. परंतु मळवलीचा औषधवाला कैलासचा वर्गमित्र होता आणि लोणावळ्याला एकटीने जाण्यासाठी घरात कारण द्यावे लागत होते. प्रत्येक वाट शेवटी त्याच एका वाक्यापाशी येऊन थांबत होती. आणि ते वाक्य बोलले की पुढचेही तिला दिसत होते. सासू म्हणणार, फसवून आलीस. गाव म्हणणार, आईचा दमा लेकीला. आणि चार-सहा वर्षांनी पिंकीसाठी आलेले पाहुणे गिरणीवर विचारणार.

शनिवारी मळणी यंत्र आले. वस्तीतली सारी माणसे खळ्यावर जमली. यंत्राच्या तोंडातून पेंढा आणि धूळ उसळत होती. त्याच्या घरघरीत शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नव्हते. सविता भारे पुढे सरकवीत होती आणि दर क्षणी पिंकीवर दृष्टी ठेवीत होती. मुलगी ओढणीने नाक बांधून पाटीत दाणे भरत होती. एक भारा सोडवायला सविता वाकली, उठून पाहते तो पाटी तिथेच होती, पिंकी नव्हती.

तिने हाक मारली. हाक यंत्रात विरून गेली. घरात नव्हती, विहिरीशी नव्हती, गोठ्यामागे नव्हती. सविता धावली, तिची स्वतःची छाती आत ओढली जात होती, तरी ती धावली. पेंढ्याच्या नव्या गंजीमागे, जिथे सारी धूळ वाऱ्याने येऊन साचत होती, तिथे पिंकी गुडघ्यांवर हात टेकून बसली होती. ओठ निळसर. नाकपुड्या फुललेल्या. प्रत्येक श्वासाबरोबर गळ्याच्या मुळाशी खळगा पडत होता.

"मी..." ती म्हणाली. पुढचा शब्द येण्यापूर्वी एक श्वास गेला. "कोणाला... नाही... सांगितलं."

सविताने कनवटीचा पंप काढून तिच्या ओठांशी दाबला. एकदा औषध आले. दुसऱ्यांदा नुसती पोकळ हवा.

मग ती ओरडली. कोणीतरी यंत्र थांबवले. अकस्मात झालेल्या शांततेत मुलीची शीळ साऱ्या खळ्याला ऐकू गेली. शालूबाई धावत आल्या, त्यांच्यामागे संदेश. कैलास प्रवाशांना घेऊन गावच्या लेण्यांच्या पायथ्याशी आला होता. फोन लागताच तो रिकामी गाडी घेऊन आला. सविता आणि शालूबाई मागे, त्यांच्यामध्ये पिंकी. संदेश पुढून वळून तिचे हात धरून बसला.

"पुढं वाक. खांदे सोड सैल. ओठ शिट्टीसारखे कर आणि हळू सोड," तो तिला शिकवत होता. "मला लहानपणी डॉक्टरांनी असंच सांगितलं होतं. घाबरू नको. मी बघ, मेलो का?"

मळवलीचे रेल्वे फाटक बंद होते. सुट्टीला आलेल्यांच्या मोटारींची रांग दूरवर लागली होती. कैलासने हॉर्नवरचा हात काढला नाही. पुढच्या मोटारीतला तरुण काच खाली करून म्हणाला, "काका, सगळेच थांबलेत ना?"

शालूबाई खाली उतरल्या आणि त्यांनी त्या मोटारीवर थाप मारली. "माजी नात गुदमरतीया. फाटक उघडलं की तू बाजूला व्हायचं. तुजं घर पळून जात न्हाई."

तरुणाने मुकाट्याने मोटार रस्त्याच्या कडेला घेतली. त्याच्या पुढच्यांनीही घेतली. आगगाडी धडधडत निघून गेली, फाटक उघडले. सविताला पुढचा रस्ता आठवत नाही. एका श्वासानंतर दुसरा येईपर्यंतचे अंतर तेवढे आठवते.

डॉक्टर अनघांनी क्षणही दवडला नाही. पिंकीच्या नाकातोंडावर मुखवटा चढला, यंत्रातून औषधाची वाफ सुरू झाली, बोटाला चिमटा लागला. त्यावरचा आकडा पाहून डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली.

"काय करत होती?"

"मळणी चालली होती," कैलास म्हणाला.

"याआधी असं कधी झालंय?"

"न्हाई," शालूबाई म्हणाल्या. "जरा खोकत व्हती, ते नखरे."

डॉक्टर सावकाश, पण स्पष्ट बोलल्या. "मग मला विचार करावा लागेल. भावाला होता खरा, पण आईवडिलांना दमा नाही, हिला पूर्वी कधी नाही, आणि खळ्यावर अचानक श्वास कोंडला. भाताचं कुसळ श्वासनळीत गेलं असेल, तर हिला ताबडतोब पुण्याला हलवायला हवं. दमाच असेल, तर रस्त्यात वेळ घालवणं धोक्याचं. इथंच औषध वाढवते. दोन्ही बाजूंना वाजतंय, मला दम्यासारखं वाटतं. पण तुम्ही सांगताय ते त्याच्याशी जुळत नाही. कोणाला काही माहीत आहे का?"

कैलासने आईकडे पाहिले. शालूबाईंनी देवाच्या तसबिरीकडे. सविताने मुलीच्या गळ्याखालच्या त्या खळग्याकडे पाहिले. तो पडत होता, भरत होता, पुन्हा पडत होता.

"दमा आहे," ती म्हणाली. "भारे खळ्यावर आल्यापासून आहे. मी तिला चोरून पंप देत होते. आज तो संपला."

"कसला पंप?" कैलास म्हणाला.

"संदेशचा. संदेशला दोन वर्षांत काही झालेलं नाही. तो मी घेत होते. मला बाराव्या वर्षापासून दमा आहे. लग्नाआधीपासून."

डॉक्टरांनी फक्त एकदा मान हलवली आणि त्या परिचारिकेकडे वळल्या. शीर शोधली गेली, सुई गेली, वाफेचे औषध बदलले.  यंत्र घरघरत राहिले. हळूहळू शीळ जाड झाली, मग मऊ झाली. गळ्याखालचा खळगा उथळ होत गेला. पिंकीने डोळे मिटले तेव्हा सविता दचकली. "झोपली," डॉक्टर म्हणाल्या. "थकलीय. आजची रात्र इथंच ठेवू."

बाहेरच्या बाकावर शालूबाई बसल्या होत्या. सविता त्यांच्यासमोर उभी राहिली.

"सोळा वरसं," शालूबाई म्हणाल्या, "माज्या चुलीपाशी बसून तू मला फशिवलंस."

"हो, आत्या."

"तुजी आई तुळशीपाशी उभी राहून म्हनली व्हती, पोरगी निरोगी हाय."

"हो."

"मला तवा कळलं असतं तर तुला केली नसती. ह्ये मी तोंडावर सांगते."

"म्हणूनच सांगितलं नाही."

 शालूबाई स्वतःशीच बोलाव्या तशा म्हणाल्या, "मी बी तीन घरं सोडली व्हती तुज्या आधी. एकीच्या चुलतीला कोड व्हतं."

कैलास भिंतीला टेकून उभा होता. तो बायकोवर संतापला असता तर तिला सोसले असते. त्याने विचारले, "आणि त्या पोराला का बसवून ठेवलंस?"

दाराशी संदेश उभा होता. त्याने सारे ऐकले होते.

"म्हणजे मला काहीच नव्हतं?"

"नव्हतं," सविता म्हणाली.

"तालुक्याला टीम गेली तेव्हा पण?"

"तेव्हा पण नव्हतं."

तो वळला आणि बाहेर जाऊन गाडीत पुढच्या आसनावर बसला. सविता त्याच्या मागे गेली, काचेपाशी उभी राहिली. त्याने काच खाली केली नाही. आईच्या सत्याने एका अपत्याचा श्वास परत मिळाला होता. दुसऱ्याची दोन वर्षे त्याच सत्याने कायमची गेलेली ठरली होती. क्षमा मागण्याची भाषा तिला अवगत नव्हती. ती तशीच उभी राहिली, आणि उभी असताना तिला जोराची धाप लागली. या वेळी ती कुठे आडोशाला गेली नाही. पलीकडून डॉक्टर आल्या, त्यांनी तिला दंडाला धरून आत नेले.

"मी मुलांची डॉक्टर," त्या म्हणाल्या, "पण तुमची छाती ऐकायला काही परवानगी लागत नाही. बसा. इतकी वर्षं नुसत्या तात्पुरत्या पंपावर काढलीत, हे सुदैव समजा. रोजचं औषध वेगळं असतं. ते सूज उतरवतं. तुम्हालाही लागेल, हिलाही. मोठ्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी देते." आणि त्यांनी दोन कागद लिहिले. एकावर पिंकीचे नाव होते, दुसऱ्यावर सविताचे.

रविवारी दुपारी ती सारी घरी परतली. गाडी आळीच्या तोंडाशी थांबली. शेजारच्या धोंडाबाई दळणाचा डबा काखेत घेऊन गिरणीला निघाल्या होत्या, त्या थबकल्या.

"काय गं शालू, नातीचं काय झालं? कुसळ गेलं म्हनं घशात?"

गावाने उत्तर आधीच तयार करून ठेवले होते. त्यात कोणाचा दोष नव्हता, कोणाचे रक्त नव्हते. नुसती मान हलवली असती तरी पुरले असते. पिंकीने आईकडे पाहिले. आपण काय म्हणायचे, ते तिला आईच्या मुखावरून वाचायचे होते.

"कुसळ नव्हतं, मावशी," सविता म्हणाली. चार पावले चालल्यानेच तिचा श्वास तुटत होता. "दमा आहे. माझा आहे. तिला माझ्याकडून आलाय."

धोंडाबाईंनी इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "अगं, हळू बोल. पोरीची जात हाय. उद्या कोन..."

"हळू कशाला?" शालूबाई मध्येच म्हणाल्या. त्यांच्या स्वरात राग होता, आणि तो कोणावर होता हे त्यांनाही सांगता आले नसते. "हळू बोलून बोलूनच पोरगी गंजीमागं जाऊन बसलती. जा तू गिरनीवर. इचारलं कुनी तर सांग नीट, अर्धंमुर्धं सांगू नगंस."

धोंडाबाई गेल्या. संदेश गाडीतून उतरून कोणाकडे न पाहता मैदानाच्या दिशेने निघाला होता. कैलासने त्याला हाक मारली नाही. शालूबाईंनी औषधांची पिशवी उचलली आणि त्या पुढे झाल्या. पिंकी ओट्याच्या पायऱ्या चढू लागली. मधल्या पायरीवर ती थांबली. सविताही थांबली, मान कलती करून ऐकत.

"मम्मी, चल ना," पिंकी म्हणाली. "मी नुसतं चप्पल काढतेय."